आंबिलीतली रेघ

येळवशीला माळसांगवीत कुणी कुणाला जेवायचं बोलावणं करत नाही, कारण त्याची गरजच पडत नाही. मार्गशीर्षातली अमावस्या उजाडली की लातूरकडचं सगळं गाव घराला कुलपं लावून रानात जातं. ज्याच्या त्याच्या शेतात कडब्याची कोप उभी राहते, आत चुन्यानं रंगवलेले पाच दगडांचे पांडव बसतात आणि बांधावरून जाणाऱ्या कुणालाही हाताला धरून आत ओढलं जातं. शेंगा-पालेभाज्यांची भज्जी खा, बाजरीचे उंडे खा आणि वर तांब्याभर आंबील प्या. ताकात ज्वारीचं पीठ शिजवून केलेली ती आंबील नको म्हणणं हा मोठा अपमान. बांधाच्या कोर्टकचेऱ्या करणारे भाऊबंदही त्या दिवशी एकमेकांची आंबील निमूट पितात, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तारखेला जातात.

त्या वर्षी मात्र लोक आंबील प्यायच्या आधी तिच्यात कार्ड बुडवून बघत होते.

"पोरगी बघायला आल्यावानी बघायलेत आंबिलीकडं," सदाशिवतात्या कुरकुरले. त्यांच्या कोपीत पाहुण्यांचा घोळका बसला होता. "माझ्या बापाच्या येळंला असलं काही नव्हतं. काय भाग्यश्री, तूच आणलंस न्हवं हे?"

"विहिरीसाठी हायत ती, तात्या. आंबिलीत बुडवा म्हणून कुणी सांगितलं?" भाग्यश्री म्हणाली.

भाग्यश्री गावची जलसेविका. दर महिन्याला विहिरी-बोअरचं पाणी तपासायचं आणि मोबाईलवरून भूजल खात्याला कळवायचं हे तिचं काम. नवी कार्डं आठवड्यापूर्वीच आली होती, घरटी एक पाकीट. गावाला नवं खेळणं मिळालं म्हटल्यावर ते खिशात घालून येळवशीला येणार नाही तर कधी येणार?

तात्यांच्या जावयानं कार्ड आंबिलीतून काढून झटकलं. थोड्या वेळानं त्यावर निळी रेघ उमटली. "आमच्याकडं बी आलती," कुणीतरी म्हणालं. "आमच्या बी." "मग काय, सोयरिकच झाली म्हणायची सगळ्यांची." लोक हसले. मग एकाच्या लक्षात आलं, की ज्या ज्या कोपीत तो सकाळपासून जेवला होता तिथं तिथं रेघ आली होती. हळूहळू हसणं थांबलं आणि सगळे भाग्यश्रीकडे बघू लागले.

रेघेचा अर्थ तिला ठाऊक होता. प्रशिक्षणात तो दोनदा समजावून सांगितला होता.

आजवर पाणी तपासलं की पाण्यात काय आहे ते कळायचं. क्षार किती, क्रोमियम किती, रंगाची रसायनं किती. ते कुणाचं आहे हे कधीच कळायचं नाही. गाव कारखान्याकडे बोट दाखवायचं, कारखाना शेजारच्या कारखान्याकडे, आणि शेवटी सगळे मिळून जमिनीकडे: खडकातच असेल. जमीन काही कोर्टात उभी राहत नाही. म्हणून कायदा झाला, की प्रत्येक कारखान्यानं आपल्या सांडपाण्यात स्वतःची अशी एक खूण मिसळायची. ही खूण म्हणजे प्रयोगशाळेत जुळवलेला डीएनएचा तुकडा. डीएनएची लिपी चार अक्षरांची. अक्षरांचा क्रम बदलला की खूण बदलली. कोणत्याही सजीवात सापडणार नाही असा क्रम निवडायचा आणि त्या तुकड्याला काचेचं कवच चढवायचं. धुळीच्या कणापेक्षा हजारपट लहान असा तो मणी उन्हानं खराब होत नाही आणि उकळीला दाद देत नाही. कार्डावरचं रसायन कवच विरघळवतं, आतल्या तुकड्याच्या लाखो नकला करतं आणि निळी रेघ उमटवतं. मणी जास्त, तर रेघ गडद. मोबाईल रेघेसमोर धरला की कारखान्याचं नाव येतं.

शास्त्रज्ञांनी हिशेब पाण्याचा केला होता. मुळांतून ज्वारीत, ज्वारीतून कडब्यात, कडब्यातून म्हशीच्या दुधात आणि तिथून ताकात मणी जातील, असा विचार कुणी केला नव्हता.

भाग्यश्रीनं मोबाईल धरला. माळावरच्या कंपनीचं नाव आलं. कापडाच्या रंगांचा कच्चा माल बनवणारी ती एकच कंपनी त्या भागात होती, त्यामुळे नाव कळून कुणाला धक्का बसला नाही. तात्यांनी तेवढी आंबिलीच्या मडक्यावर झाकणी ठेवली.

*

तालुक्याहून तांबोळी मॅडमचा फोन आला. भूजल खात्यात भाग्यश्रीच्या वर त्याच होत्या. "नाव कळून भागत नाही," त्या म्हणाल्या. "पाणी जमिनीत शिरतंय कुठून, ते पाहिजे. एकेक विहीर घ्या. रेघ जिकडं गडद होत जाईल तिकडं चालत राहा."

आपल्याकडचा काळा खडक थरांचा आहे. अखंड पाषाणात पाणी मुरत नाही. दोन थरांच्या मधल्या फटींतून आणि मांजऱ्या, म्हणजे सच्छिद्र, खडकाच्या भोकांतून ते आपली वाट काढत जातं. वरून सपाट दिसणाऱ्या रानाखाली त्याच्या गल्ल्या असतात. भाग्यश्रीला खात्री होती की रेघ तिला माळाकडे, कंपनीच्या सांडपाण्याच्या तळ्याकडे नेणार. ती रोज सकाळी पिशवी घेऊन निघायची, विहिरीत दोरी सोडायची, कार्ड भिजवायची.

रेघ माळाकडे फिकी होत गेली. गडद होत होती ती ओढ्याच्या बाजूला, जिकडे तिचा थोरला भाऊ गुरुनाथ याचं रान होतं.

तिनं पहिल्यांदा कार्डांनाच दोष दिला. पाकीट बदलून पाहिलं. नव्या पाकिटानंही तेच सांगितलं. मग तिनं ओढ्याकडच्या विहिरी बाजूला ठेवल्या आणि उगीच पांदीकडच्या दोन विहिरी पुन्हा तपासल्या. मनाला कळत होतं, पाय वळत नव्हते.

गुरुनाथअण्णा म्हणजे तिचं माहेर. नवऱ्यानं हाकलून दिलं तेव्हा तो स्वतः ट्रॅक्टर घेऊन तिच्या सासरी गेला होता. भांडला नाही. तिची पेटी ट्रॅक्टरवर टाकली आणि तिला म्हणाला, "बस." आपल्या घराला लागून तिला दोन खोल्या बांधून दिल्या आणि पुन्हा कधी त्या विषयावर बोलला नाही. आणि गावाला विचाराल तर गुरुनाथ म्हणजे पाणी देणारा माणूस. पाच वर्षांपूर्वीच्या दुष्काळात कंपनीच्या साहेबांशी बोलून त्यानं दोन गोष्टी आणल्या होत्या. एक, धरणाच्या गोड्या पाण्याचा टँकर, जो अजूनही रोज सकाळी चालकाशिवाय आपला आपण गावात येऊन हौदाशी उभा राहायचा. आणि दुसरी, पुनर्भरण. कंपनी शुद्ध केलेलं पाणी देणार, ते गुरुनाथच्या आटलेल्या बोअरमध्ये सोडायचं, म्हणजे शिवाराचं पाणी वर येईल.

त्या दिवशी सगळं गाव बोअरपाशी जमलं होतं. बायकांनी बोअरच्या पाइपाला हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला. ज्या मुलखात पाऊस चार वर्षांतून एकदा धड पडतो, तिथं जमिनीच्या पोटात पाणी घालणाऱ्याला कोण विचारणार, की बाबा पाणी कसलं? महिन्याभरात विहिरींना पाझर फुटले. गावानं गुरुनाथला शाल दिली. पुढच्या वर्षी "आता गरज न्हाई, बंद केलं" असं त्यानंच चावडीवर सांगितलं आणि लोक बोअर विसरून गेले.

*

दुपारी दार वाजलं. बाहेर आरती उभी होती, सदाशिवतात्यांची नातसून. तिला तीन महिन्यांचं बाळ होतं.

"मावशी, एक कार्ड द्या की."

"तुमच्या विहिरीचं झालंय गं कवाच."

"विहिरीला नको." आरतीनं पदर ओढून घेतला. "मला पायजे."

भाग्यश्रीनं दार लावून घेतलं, वाटी दिली आणि पाठ करून उभी राहिली. थोड्या वेळानं आरतीनं वाटी आणि कार्ड तिच्यापुढे सरकवलं. रेघ फिकी होती, पण होती.

"आमी तर टँकरचंच पाणी पितो," आरती म्हणाली. "विहिरीचं पाणी कवाच बंद केलंय. मग कुठनं आलं हे?"

"भाकरीतनं. भाजीतनं. दुधातनं."

"मग काय खाऊ?"

"रेघ म्हणजे काही लगीच इख न्हवं," भाग्यश्री म्हणाली. "खूण हाय नुसती. खुणेनं काही होत न्हाई." ते खरंही होतं. पण खूण ज्याच्या सोबत आली त्याचं काय, हे तिनं सांगितलं नाही, आणि आरतीनंही विचारलं नाही. बाळ झोपेत तोंड हलवत होतं. जाताना आरती ते कार्ड मागून घेऊन गेली.

त्याच दुपारी भाग्यश्री ओढ्याकडे गेली.

गुरुनाथच्या विहिरीतली रेघ शाईसारखी आली. विहिरीच्या पलीकडे कडब्याची गंजी होती. ती दरवर्षी तिथंच असायची. भाग्यश्रीनं पेंढ्या उपसल्या. आत जुन्या बोअरचं तोंड होतं, आणि त्याला जाड नळी जोडायचं चकचकीत पितळी तोंड बसवलेलं होतं. आजूबाजूची माती ओली होती. कार्ड भिजवायची गरज नव्हती, वासानंच नाक चुरचुरत होतं. तरी तिनं भिजवलं.

"कडबा कशाला उसकटायलीस, भागू?"

गुरुनाथ बांधावर उभा होता. त्याच्या हातात विळा होता आणि चेहरा शांत होता. ती यायचीच वाट बघत असल्यासारखा.

"बंद केलतास न्हवं तू?"

"करायलाच गेलतो." तो गंजीशी येऊन टेकला. "पयल्या सालचं पाणी चांगलं होतं. मी सोता पिऊन बगितलतं. दुसऱ्या साली वास यायला लागला. हिरीतली बेडकं गेली. मी गेलो कंपनीत, म्हणलं बंद करा. साहेब म्हणला, करतो की, लगीच करतो. पर मग गावचा टँकर बी बंद." त्यानं विळा मातीत टोचला. "चैत्र होता. हौदापाशी बाया भांडायल्या होत्या. तूच सांग, काय करायचं होतं मी?"

"गावाला इचारायचं होतंस."

"इचारलं असतं तर गाव काय म्हणलं असतं? चालू ठिव म्हणलं असतं. म्हून तर इचारलं न्हाई. पाप एकट्याच्याच डोक्यावर ऱ्हाऊ दे म्हणलं."

भाग्यश्रीला राग आला. तो खोटं बोलत नव्हता, हेच वाईट होतं. सकाळी धरणाचं पाणी देऊन रिकामा झालेला टँकर माळावर जायचा, दुसऱ्या कप्प्यात कंपनीचं पाणी भरून दुपारी परत यायचा आणि इथं रिता व्हायचा. गाडीला चालक नाही, म्हणजे कुठं बोलणारंही कुणी नाही. अशी चार वर्षं गेली होती.

"आरतीच्या दुधात रेघ आलीय, अण्णा."

गुरुनाथला आधी कळलं नाही. "म्हशीच्या?"

"आरतीच्या. बाळ पितंय ते."

तो खाली बसला. मग म्हणाला, "एक उन्हाळा थांब. पाऊस पडला की मी सोता शिमेट ओतून बुजवतो. कुणाला कळायचं न्हाई."

"कळू न्हाई म्हणून कार्डं न्हाईत दिलेली."

"माझ्यावर येईल हे. कंपनीवर न्हाई. म्हाईत हाय न्हवं तुला?"

तिला माहीत होतं. तांबोळी मॅडमनी सांगितलं होतं, उगम ज्याच्या जमिनीच्या गटात सापडेल तो पहिला आरोपी. त्यानं कंपनीचं नाव घेतलं, तर पुढं कंपनी. मोबाईलच्या पडद्यावर "उगमस्थान पाठवा" असं लिहिलेलं होतं. एकदा दाबलं की परत घेता येत नव्हतं. ज्या माणसानं तिची पेटी ट्रॅक्टरवर टाकली होती तो तिच्या पायाशी मातीत बसला होता.

"तू कंपनीचं नाव घेशील?" तिनं विचारलं.

"आपलेच दात अन् आपलेच ओठ," गुरुनाथ म्हणाला. "घेईन की. तू दाब."

तिनं दाबलं. मग ती त्याच्या शेजारी बसली आणि रडली. त्यानं तिची समजूत घातली नाही, आणि उठूनही गेला नाही.

*

गुरुनाथनं नाव घेतलं. कोर्टात, पोलिसांत, तांबोळी मॅडमपुढे, सगळीकडे घेतलं. कंपनीनंही नाकारलं नाही. पाणी आमचंच, असं तिच्या वकिलानं सरळ सांगितलं. पण आम्ही दिलं ते शुद्ध करून. खूण सांडपाण्यात आधीच मिसळलेली असते, पाणी कितीही शुद्ध केलं तरी ती राहतेच. मग बोअरमध्ये घाण आली कुठून, ते शेतकऱ्यालाच विचारा. कार्ड सांगत होतं पाणी कुणाचं, पण किती घाण ते सांगत नव्हतं. जुन्या तपासण्या घाण किती ते सांगत होत्या, पण कुणाची ते सांगत नव्हत्या. या दोन तपासण्यांच्या मधल्या फटीतून वकिलानं अख्खी कंपनी बाहेर काढली. थोडा दंड झाला. काही महिन्यांनी माळावर त्याच शेडवर नव्या नावाची पाटी लागली आणि नव्या नावाला नवी खूण मिळाली. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात. इथं संन्यासीही धड संन्यासी नव्हता, एवढाच फरक.

गुरुनाथ जामिनावर सुटून आला. बोअरमध्ये काँक्रीट ओतलं गेलं, विहिरीवर जाळी बसली, पाणी उपसायला बंदी आली. वहिनी तिच्या भावाकडे गेली ती तिकडेच राहिली. आणि टँकर बंद झाला.

उन्हाळ्यात लोक सरकारी टँकरच्या रांगेत उभे राहिले. तो दोन दिवसांआड यायचा, कधी तेही नाही. रांगेत गुरुनाथला शिव्या बसायच्या, त्यानं गावाला विष पाजलं म्हणून. भाग्यश्री आली की लोक गप्प व्हायचे. एकदा मात्र एक बाई तिला ऐकू जाईल अशी म्हणाली, "हिनं बटण दाबलं नसतं तर निदान प्यायला तरी गोड मिळत होतं." भाग्यश्रीनं कळशी भरली आणि घरी आली. तिला त्या बाईचा राग आला नाही. खरंतर तिला उन्हाळाभर तोच प्रश्न पडत होता, आणि उत्तर म्हणून ती दर वेळी आरतीची वाटी आठवायची.

भावाबहिणीत बोलणं होतं, पण कामापुरतं. ती भाकरी नेऊन द्यायची. तो खायचा. धान्य आता सगळं गाव बाहेरून विकत आणत होतं. आणि कार्ड बुडवल्याशिवाय कुणाच्या घरी कुणी काही तोंडात घालत नव्हतं. लग्नाच्या पंगतीत, बारशाच्या चहात, शाळेच्या खिचडीत. आता त्याचं कुणाला हसूही येत नव्हतं.

*

पुन्हा येळवस आली. गुरुनाथनं कोप घातली.

"कशाला, अण्णा?" भाग्यश्रीनं विचारलं होतं. "कोण येणार हाय?"

"येतील," तो म्हणाला. "समदं बाहेरचं आणलंय. ज्वारी मंगळवेढ्याची. ताक तालुक्याच्या डेअरीतलं. पाणी मी मोटरसायकलवर धरणावरनं आणलंय, चार खेपा केल्या. बगू दे की बुडवून, ज्याला बगायचं त्यानं."

सकाळी भाग्यश्री रानात निघाली तेव्हा तिनं मनाशी एक ठरवलं. आज अण्णाच्या कोपीत कार्ड काढायचं नाही. तो आंबील देईल, ती तशीच प्यायची. एवढं तर त्याचं देणं लागतोच आपण. पाकीट तेवढं सवयीनं कमरेला होतं.

वाटेत सदाशिवतात्यांची कोप होती. तात्या दारातच बसले होते, मांडीवर आरतीचं बाळ होतं. "ये की भाग्यश्री," ते म्हणाले, पण हाताला धरलं नाही. त्या वर्षी कुणीच कुणाला हाताला धरत नव्हतं.

"तात्या, अण्णानं कोप घातलीय. आंबील धरणाच्या पाण्याची केलीय. या की घडीभर. लेकराला बी घेऊन या. बुडवून बघा पायजे तर."

तात्यांनी बाळाचं टोपडं नीट केलं. "पाण्याचं समजंल गं कार्डाला," ते सावकाश म्हणाले. "गुरुनाथनं चार वर्सं माझ्याच कोपीत बसून आंबील प्यालीय. त्याला ठाव होतं त्यात काय हाय. तरी प्याला, अन् माझ्याकडं बघून हसला."

ओढ्याकडच्या रानात पावसावर आलेली ज्वारी उभी होती. कोपीत पाच पांडव नव्या चुन्यात पांढरेशुभ्र दिसत होते. भज्जीचं पातेलं मोठं होतं, पन्नास माणसांना पुरेल एवढं, आणि त्यावरची साय कुणी मोडली नव्हती. गुरुनाथ आंबिलीचं लहान मडकं घेऊन ज्वारीच्या कडेनं एकटाच चालत होता. पळसाच्या पानानं आंबील शिंपडत "ओलगे, ओलगे" असा येळवशीचा पुकारा करत होता. इतर रानांतून त्या पुकाऱ्याला दहा-दहा गळे साथ देतात. इथं तो शब्द एकट्याचाच ऐकू येत होता. काँक्रीट ओतलेल्या बोअरपाशी आल्यावर तो गप्प झाला, तेवढा भाग तसाच ओलांडला आणि पुढं पुन्हा पुकारू लागला.

"आलीस?" कोपीत येऊन तो म्हणाला. त्याच्या तोंडावर एवढा आनंद होता की भाग्यश्रीला त्याच्याकडे बघवेना. "बस. बस भागू. दुसरं कोण येतंय का वाटंनं?"

"येतील," ती म्हणाली.

त्यानं घोंगडी अंथरली. तिला पानावर उंडे वाढले, भज्जी वाढली, वर तेलाची धार सोडली. मग मोठ्या मडक्यातून तांब्या भरून आंबील काढली आणि दोन्ही हातांनी तिच्यापुढे धरली.

भाग्यश्रीनं तांब्या घेतला. ती त्याच्याशीच बोलत होती, वहिनीचा काही फोन आला का, असं काहीतरी विचारत होती. विचारता विचारता तिला समोर गुरुनाथचा चेहरा बदललेला दिसला. तो तिच्या हाताकडे बघत होता. तिनंही खाली पाहिलं. कार्ड तिच्या बोटांत होतं आणि त्याचं टोक आंबिलीत बुडालेलं होतं.

पाकीट कधी उघडलं, कार्ड कधी काढलं, तिला काही आठवेना. "अण्णा," ती म्हणाली, आणि कार्ड बाहेर काढून खाली टाकलं.

"असू दे," गुरुनाथ म्हणाला. तो तिच्यासमोर उकिडवा बसला आणि वाट बघू लागला. कार्ड दोघांच्या मध्ये घोंगडीवर पडलं होतं. लांब कुणाच्या तरी रानात पोरं ओरडत होती. कार्ड पांढरं होतं, थोड्या वेळानंही पांढरंच राहिलं.

"पी आता," तो म्हणाला.